धूर निघाला म्हणून पैसे दिले

दहा मीटरवर ठेवलेला पत्र्याचा डबा आमची एअर रायफल पूर्वी सहज भोसकायची. यंदाच्या उन्हाळ्यात छर्रा डब्याला नुसता पोचा पाडून खाली पडायला लागला. कागदी टारगेटवरही सगळे नेम दोन-दोन बोटं खाली. रायफल बाबांच्या वेळची, स्प्रिंगची, नळी सांध्यावर मोडून ताणायची, ०.१७७ इंची नळीची. मुलगी शाळेच्या निवड चाचणीसाठी मागच्या भिंतीपाशी पोतं लावून रोज वीस-पंचवीस छर्रे मारते. चाचणीला तीन आठवडे उरले होते आणि तिथेच मी घाई केली.

इंदुरात नेमबाजीचं वारं आहे. गावाला लागून गोळीबाराच्या सरावाची रेवती रेंज, तासाभरावर महूचं आर्मी मार्क्समनशिप युनिट, म्हणजे फौजेचे नेमबाज जिथे तयार होतात ते. २०१२च्या लंडन ऑलिम्पिकमधून नेमबाजीचं रौप्यपदक आणणारे विजयकुमार तिथलेच. अशा ठिकाणी रायफल उघडणारा बरा माणूस मिळणार नाही, असं मनातही आलं नाही.

जुन्या बाजारात एक दुकान आहे. मालकाने रायफल हातात घेतली, एकदा ताणली आणि म्हणाला, "स्प्रिंग बैठ गई भिया, वाशर भी गया." उघडून पाहिलं नाही, छर्रा मारून पाहिला नाही. जर्मन स्प्रिंग १,८००, सील किट ६५०, मजुरी ४००. एकूण २,८५०. मी मान डोलावली.

दोन दिवसांनी त्याने दुकानामागे फळी लावून रायफल माझ्या हातात दिली. ताणताना चांगली जड लागली. घोडा दाबला तर लवंगी फटाक्यासारखा बार झाला, नळीतून निळसर धूर आला, जळक्या तेलाचा वास सुटला आणि छर्रा फळीत पार रुतला. मी खूश. "और पॉवर चाहिए तो वो भी कर देंगे," हेही त्याने सुनावलं. (तसलं काही करून घेऊ नका. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार विनापरवाना सूट आहे ती छर्र्याची ऊर्जा २० जूलच्या आत असलेल्या, ०.१७७च्या रायफलीला.) पावती साध्या कागदावर, जीएसटी क्रमांक नाही. तेही मी पाहिलं नाही.

पहिले दोन दिवस आवाज मोठा, पण एक छर्रा वर, दुसरा खाली. चौथ्या दिवशी धूर बंद झाला. आठवड्याभरात रायफल दुरुस्तीआधी होती त्याहून मरगळली.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, फौजेत शस्त्रागारात नोकरी केलेले. सगळं ऐकून ते हसलेच. "अरे, धूर निघाला आणि तू पैसे दिलेस?"

"काका, बार केवढा झाला होता!"

"बार तेलाचा होता रे, स्प्रिंगचा नव्हे."

मग त्यांनी समजावलं. घोडा दाबला की स्प्रिंग सुटते, दट्ट्याला पुढे लोटते, दट्ट्यापुढची हवा क्षणात दाबली जाऊन तापते आणि छर्र्याला ढकलते. त्या जागेत तेल असेल तर डिझेल इंजिनासारखं ते पेटतं. पाच-दहा बार जोरात होतात, तेल संपलं की खेळ खलास. वर त्या भडक्याने सील आणि स्प्रिंगचंही नुकसान होतं. गिऱ्हाइकासमोर दोन बार काढायचे, एवढ्यासाठी कुणीतरी आत तेल ओतलं होतं.

काकांनी टिश्यू पेपरची एक पट्टी फाडली, नळी जिथे मोडते त्या सांध्यावर ठेवली, छर्रा भरून पोत्यात मारायला सांगितलं. पट्टी उडाली. म्हणजे हवा सांध्यातूनच पळत होती. तिथली रबरी रिंग एका बाजूला चिरलेली, जुनीच. ती पंधरा रुपयांना मिळते. माझ्या पावतीत मात्र 'सील किट' बदललेलं.

मग त्यांनी रायफल उघडली, लाकडी शिकंज्यात नीट धरून. हे घरी हाताने करू नका. ताणलेली नसतानाही स्प्रिंग आत दाबूनच बसवलेली असते, पेच सुटला की थेट तोंडावर येते. आतून निघाली ती स्प्रिंग एका टोकाला वाकडी, गंजाचे ठिपके पडलेली, कुणाच्या तरी जुन्या बंदुकीतली. तिच्यामागे दोन लोखंडी वॉशर घातले होते, तेवढ्याने ताणताना जड लागावी म्हणून. चामड्याचं सील आमचंच, तेलाने थबथबलेलं. बाबांची स्प्रिंग गेली ती गेलीच. आणि काकांच्या मते तिला काही झालंच नव्हतं.

ओळखीच्या एका क्लबात छर्र्याचा वेग मोजायचं यंत्र आहे. दुकानातून आलेल्या अवस्थेत पाच छर्रे मारले होते तेव्हा आकडे ८८ ते ९६ मीटर प्रति सेकंद. अर्ध्या ग्रॅमच्या छर्र्याला हे दोन जूलच्या आसपास पडतं. नवी स्प्रिंग, नवी रिंग, वाळवून हलका तेलाचा हात दिलेलं तेच चामडं घातल्यावर पाचही १६०च्या वर आले, आणि एकमेकांपासून फार लांब नाहीत. हा आकडा दुरुस्तीआधी आणि नंतर घेतला असता तर बार ऐकून मान डोलावायची वेळच आली नसती. खरं तर त्याहून साधं म्हणजे काढलेला भाग समोर मागून घ्यायचा होता. तो मी मागितलाच नाही.

काकांनी आणखी एक विचारलं, मुलीने छर्रा न भरता कधी घोडा दाबला का? दाबला होता, दोन-चारदा, मैत्रिणींना दाखवायला. छर्रा नसला की दट्ट्याला हवेची गादी मिळत नाही, तो धाडकन भिंतीवर आपटतो. रिंग चिरण्याशी त्याचा संबंध नाही, पण ती सवय त्याच दिवशी बंद झाली.

दुकानात परत गेलो. पैसे नाहीच मिळाले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घातली आहे, पण कच्च्या पावतीवर किती पुढे जाईल ते माहीत आहे. मी म्हटलं, निदान आमची जुनी स्प्रिंग तरी द्या. मालकाने टेबलाखालून एक पोतं ओढलं. आत पन्नासेक स्प्रिंगा, सगळ्या काळ्या, सगळ्या तेलकट.

"इसमें होगी. ढूँढ लो भिया."

मी अर्धा तास शोधत बसलो होतो.