मेक्सिकोला जाण्याआधी स्पॅनिश: नागपूरच्या धरमपेठेतला शनिवार-रविवारचा क्लास

कंपनी मेक्सिकोतल्या केरेतारो शहरातल्या प्लांटला पाठवून राहिली आहे आणि तिथे मशीनवरच्या माणसांशी नुसत्या इंग्रजीवर भागणार नाही, म्हणून हा घरगुती क्लास लावला. ए-वन (A1) म्हणजे अगदी सुरुवातीची पातळी, फी ९,००० रुपये, झेरॉक्सचे वेगळे.

मॅडम मराठीतून शिकवतात आणि पैसे तिथेच वसूल होतात. 'मे गुस्ता' इंग्रजी ॲपवर घोकून डोकं पिकलं होतं. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात.' खाली 'मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस'. क्रियापद आंब्याच्या मागे जातं, माझ्या नाही. विषय संपला! 'त' आणि 'द' तर आपल्याला आयतेच येतात.

बोलायलाही भरपूर लावतात. मॅडम घरमालकीण, आपण भाडेकरू. भाडं किती, डिपॉझिट किती, गरम पाणी येतं का, सगळं विचारायचं. अडलात तरी मराठीत सुटका नाही.

तक्रार एकच, पण मोठी. अभ्यासक्रम सगळा स्पेनचा. 'वोसोत्रोस'ची, म्हणजे मित्रांच्या घोळक्याला म्हणायच्या 'तुम्ही'ची रूपं पाठ करून घेतली. मेक्सिकोत रोजच्या बोलण्यात ती कोणी वापरत नाही, 'उस्तेदेस'वरच काम चालतं. बटाट्याला 'पताता' शिकलो, तिकडे 'पापा'. फळांच्या रसाला इथे 'थुमो', तिकडे 'हुगो'. मी बोलल्यावर मॅडम मेक्सिकन शब्दांचा कागद करून घेऊन आल्या, हे मानलं. कोलंबिया, चिलीला निघालेल्यांनी फी भरतानाच देश सांगून ठेवा.

शाकाहारींसाठी 'सिन कार्ने', म्हणजे 'मांसाशिवाय', एवढंच शिकवलं. केरेतारोतला सहकारी फोनवर हसला. तिकडे कार्ने म्हटलं की बरेच जण लाल मांस धरतात, त्यामुळे ताटात चिकन येऊ शकतं. घोटलेल्या फ्रिहोलेसमध्येही (राजम्यासारख्या शेंगदाण्यांच्या उसळीत नव्हे, शिजवलेल्या घेवड्याच्या दाण्यांत) पुष्कळदा 'मान्तेका', म्हणजे डुकराची चरबी असते. ते वेगळं विचारावं लागतं.

शेवटी मिळणारं सर्टिफिकेट क्लासचं स्वतःचं. स्पॅनिशची अधिकृत डेले (DELE) परीक्षा वेगळी, ती स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेची, इन्स्तितुतो सेर्वान्तेसची. तिचा फॉर्म आपला आपण भरायचा.

बॅच सकाळची घ्या. दुपारी कूलर सुरू झाला की ऑडिओतला माणूस स्पॅनिश बोलतो की तेलुगू, काही कळत नाही. हेडफोन न्या. गाडी गल्लीतच लावावी लागते.