डेबियनचं प्रीसीड: बारा मशीन आणि पत्त्यांचा घोळ

इंदूरच्या सुदामानगरात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. दिवाळीच्या सुट्टीत सिल्व्हर मॉलमधून बारा जुनी मशीन आणली आणि सगळ्यांवर डेबियन १२ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला घेतलं. बारा वेळा भाषा, टाइमझोन, पासवर्ड कोण भरणार? म्हणून डेबियनच्या इन्स्टॉलरची प्रीसीड ही सोय वापरली. सगळी उत्तरं एका फाइलमध्ये लिहून ती सर्व्हरवर ठेवायची, मशीन नेटवर्कवरून बूट करायचं, पुढचं काम इन्स्टॉलर आपलं आपण उरकतो.

पार्टिशन, युजर, पॅकेजेस पहिल्याच दिवशी जमलं. अडलं ते आयपीवर, म्हणजे मशीनच्या नेटवर्कवरच्या पत्त्यावर. फाइलमध्ये स्थिर पत्ता लिहिला होता १९२.१६८.१.२१, मशीन उठलं शेवटी १०७ असलेला पत्ता घेऊन. स्पेलिंग तपासलं, फाइल दोनदा नव्याने लिहिली, पत्ता तोच. शेवटी ऑल्ट-एफ४ दाबून लॉग पाहिला तेव्हा उलगडा झाला: आधी डीएचसीपीकडून (मशीनना आपोआप पत्ते वाटणारी सेवा) पत्ता घेतलेला, त्यानंतर फाइल उतरलेली. बरोबरच आहे. फाइल नेटवर्कवरून आणायची तर आधी पत्ता हवाच. फाइल हाती येते तोवर नेटवर्कचे प्रश्न विचारून झालेले असतात.

यावरचा तोडगा इन्स्टॉलेशन गाइडच्या परिशिष्ट बी मध्ये आहे. प्रीसीड-रन या सेटिंगला एक छोटी स्क्रिप्ट द्यायची: पहिल्या ओळीत चालू डीएचसीपी बंद, दुसऱ्या ओळीत नेटसीएफजी, म्हणजे इन्स्टॉलरचा नेटवर्क लावणारा भाग, पुन्हा चालू. हे लावलं आणि मशीन २१ वर उठलं. मला फार आनंद झाला. मग दुसरं मशीन लावलं, तेही २१! फाइल एकच, तर पत्ताही एकच.

एखादाच सर्व्हर बसवायचा असेल तर ही स्क्रिप्ट उत्तम. लॅबसाठी मात्र मी ती काढून टाकली. राउटरचं डीएचसीपी बंद केलं, सर्व्हरवर डीएनएसमास्क हा डीएचसीपी चालवणारा प्रोग्राम घातला आणि प्रत्येक मॅक पत्त्यासमोर (नेटवर्क कार्डाचा कायमचा क्रमांक) त्याचा आयपी लिहून दिला. आता इन्स्टॉलर डीएचसीपीच मागतो, पण ज्याला जो पत्ता हवा तोच मिळतो.

मॅक पत्ते माझी भाची कॅबिनेटवरच्या स्टिकरवरून वाचत होती, मी लिहून घेत होते. अकरा मशीन सरळ लागली, नववं काही केल्या २९ घेईना. डीएनएसमास्कच्या लॉगमध्ये त्याची विनंती शोधली आणि माझ्या वहीशी अक्षर-अक्षर ताडून पाहिली. झिजलेल्या स्टिकरवरचा बी आम्ही ८ समजलो होतो.

प्रीसीडला पाचपैकी चार तारे देते. एक कापला, कारण स्क्रिप्टचा तोडगा परिशिष्टात इतका आत आहे की नवख्याला तो आधी दिसतच नाही, आणि त्यात माझे दोन दिवस गेले. पुढच्या सुट्टीत आणखी आठ मशीन येतील तेव्हाही प्रीसीडच वापरणार आहे. स्टिकरचे फोटो मात्र या वेळी मोबाइलवर मोठे करून वाचू.