नाशिकमध्ये ब्युरोच्या मावशी लावताय? आधी चोवीस तासांचा हिशेब मांडा

गंगापूर रोड, इंदिरानगर, सिडको, नाशिकरोड, कुठेही विचारा, घरच्या पेशंटच्या देखभालीला माणसं पुरवणारे 'पेशंट केअर'वाले ब्युरो सापडतात. नावं वेगवेगळी असली तरी सगळे मिळून चारच गोष्टी देतात: बारा तासांच्या मावशी किंवा दादा, चोवीस तासांच्या मावशी, ठरावीक कामापुरती घरी येणारी सिस्टर आणि भाड्याचं सामान. म्हणून हा आढावा एखाद्या ब्युरोचा नाही, या चार सेवांचा आहे. ब्युरो चांगला असूनही चुकीची सेवा घेतली तर आजी-आजोबांचे हाल होतात, आणि मावशींचेही.

सर्वांत जास्त खपते ती चोवीस तासांची ड्यूटी, आणि सर्वांत जास्त फसगतही तिच्यातच होते. पेशंट अंथरुणाला खिळलेला असेल तर दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, म्हणजे दिवसाला बारा वेळा. त्यातल्या पाच वेळा रात्रीच्या: दहा, बारा, दोन, चार, सहा. प्रत्येक वेळी उठायचं, कूस बदलायची, पाठीमागे उशी लावायची, डायपर बघायचा. यात सलग दोन तासांचीही झोप होत नाही, आणि सकाळी आंघोळ, नाश्ता, औषधं आहेतच. माणूस चार-आठ दिवस रेटतो. मग दोनची आणि चारची वेळ चुकायला लागते. कूस कधी बदलली हे लिहायच्या वहीत मात्र सगळ्या नोंदी असतात, एकाच पेनाने, एकाच दमात सकाळी लिहिलेल्या. अशी वही दिसली की मावशींवर ओरडू नका. पेशंटला कुशीवर वळवा आणि माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर तो पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, सुरू झाला. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे आजूबाजूच्या कातडीपेक्षा गरम, कडक किंवा काळसर लागणारी जागा शोधा.

यात चूक मावशींची नाही, व्यवस्थेची आहे. आमचं मत स्पष्ट आहे: अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला एकट्या मावशींची चोवीस तास ड्यूटी घेऊच नये. बारा-बारा तासांच्या दोघी घ्या. दोन्ही परवडत नसतील तर रात्रीच्या घ्या आणि दिवस घरच्यांनी वाटून घ्या. सत्तरीच्या आजी एकट्याने आजोबांचं करत असतील तर त्यांना सर्वांत जास्त गरज रात्रीच्या झोपेची असते. दिवसाची मावशी लावून रात्र आजींवर टाकली, तर थोड्याच दिवसांत घरात दोन पेशंट होतात.

पेशंट हिंडता-फिरता असेल, आंघोळ, औषधं आणि रात्री एखाद्या वेळी बाथरूमपर्यंत सोबत एवढंच काम असेल, तर चोवीस तासांची सेवा खरोखर उत्तम. फक्त दुपारचे दोन तास मोकळे आणि आठवड्याची एक पगारी सुट्टी, हे ब्युरोच्या कागदावरच लिहून घ्या.

बारा तासांच्या सेवेत गोंधळ होतो तो पाळी बदलताना. सकाळी आठला एक निघते, दुसरी आठ-वीसला पोचते, आणि रात्री ताप होता हे कुणी कुणाला सांगतच नाही. पंधरा मिनिटं दोघी एकत्र राहतील अशा वेळा ठरवा आणि त्या पंधरा मिनिटांचेही पैसे द्या. त्या वेळात दोघींनी मिळून पेशंटची पाठ बघायची, लघवी किती झाली आणि संडास कधी झाली ते सांगायचं. संध्याकाळची पाळी ठरवण्याआधी मावशींच्या भागात जाणारी शेवटची सिटीलिंक बस कधी आहे ते विचारा. आठऐवजी सात केल्याने त्या सुखरूप घरी पोचत असतील तर सात करा. शक्यतो गोदावरीच्या तुमच्याच काठावर राहणाऱ्या मावशी मागा. 2027 च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवशी पंचवटी आणि तपोवनाकडचे रस्ते बंद झाले की पलीकडून येणारीचा खाडा ठरलेला. मावशी पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या असतील तर जुलैत भाताच्या आवणीला त्या गावी जाणारच. बदलीची मावशी जूनमध्येच सांगून ठेवा, आणि तिला आधीच्या मावशींसोबत एक दिवस काम करू द्या.

आता पहिला दिवस. ब्युरो 'ट्रेन्ड' म्हणून पाठवतो. ते खरं की नाही हे तासाभरात कळतं. पेशंटला पलंगावरून व्हीलचेअरवर घेताना बघा. आधी चाकांचे ब्रेक लागले का? पायपट्ट्या वर उचलल्या का? उठवल्यावर मिनिट-दोन मिनिटं काठावर बसवून चक्कर येते का ते विचारलं का? पॅरालिसिस असेल तर खुर्ची चांगल्या बाजूला लावायची असते. काखेत हात घालून ओढणाऱ्या मावशींना लगेच थांबवा, त्याने खांदा निखळू शकतो. कमरेला पट्टा बांधून उठवायचं हे न येणाऱ्याला शिकवता येतं, पण शिकवायची जबाबदारी ब्युरोची आहे. तयार नसेल तर दुसरा ब्युरो बघा.

नाकातून अन्नाची नळी असेल तर जास्त बारकाईने बघा. डोक्याकडची बाजू निदान 30 ते 45 अंश वर हवी आणि पाजून झाल्यावरही साधारण तासभर तशीच राहिली पाहिजे. नाकपुडीजवळ नळीवरची खूण रोज त्याच जागी असली पाहिजे. ती बाहेर सरकलेली दिसली तर काहीही पाजायचं नाही, सिस्टरला बोलवायचं. पेज किंवा वरण मिक्सरमधून काढून गाळून, कोमट करून, एका वेळी साधारण 200 मिली. सिरिंजचा दट्ट्या काढून वरून हळूहळू सोडायचं, जोराने ढकलायचं नाही. आधी आणि नंतर 30 मिली पाणी, नाहीतर नळी चोंदते. कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, पिशवी नेहमी कमरेच्या खाली, पण फरशीला न टेकता. खुर्चीवर नेताना ती पेशंटच्या मांडीवर ठेवणं ही नेहमीची चूक आहे. लघवी उलटी जाऊन इन्फेक्शन होतं.

सिस्टरच्या सेवेबद्दल थोडक्यात: नळी किंवा कॅथेटर बदलणं, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग ही कामं जीएनएम किंवा एएनएम हे नर्सिंगचे कोर्स झालेल्यांचीच. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा. मावशींना 'तुम्हीच टोचा इन्सुलिन' म्हणू नका. चूक झाली तर निस्तरावं त्यांना लागतं.

सामानात पलंग आणि व्हीलचेअर भाड्याने घ्या, एअर बेड, म्हणजे बेडसोअर टाळायला वापरायची मोटरवरची हवेची गादी, मात्र नवाच घ्या. एअर बेडवर गोधडी, रबर, दोन चादरी असे थर चढवले की त्याचा उपयोगच संपतो; एक पातळ चादर पुरे. हवा बरोबर आहे का हे बघायला पेशंटच्या माकडहाडाखाली, गादीच्या खालून तळहात सरकवा. हाताला हाड टेकलं तर हवा कमी. मध्ये साधारण इंचभर हवेची गादी जाणवायला हवी. वीज गेली की मोटर बंद पडते आणि गादी बसत जाते, तेव्हा इन्व्हर्टरची जोडणी आधीच करून घ्या. आणि एअर बेड आहे म्हणून कूस बदलणं थांबवायचं नाही.

पैशाबद्दल ब्युरोला एक प्रश्न सरळ विचारा: मी देतो त्यातले मावशींच्या हातात किती पडतात? उत्तर टाळणाऱ्या ब्युरोकडे मावशी टिकत नाहीत, दर महिन्याला चेहरा बदलतो. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला रोज नवा हात अंगाला लागला की ती घाबरते, मारते, जेवण सोडते. डिपॉझिट, बदलीची मुदत, खाड्याची कपात, सगळं लेखी हवं. कामाची हद्दही ठरवा: पेशंटचं जेवण, कपडे, खोली, औषधं. घरादाराची धुणीभांडी नाहीत. मावशी ओट्यापाशी असतात, आजोबा एकटेच बाथरूमकडे निघतात, आणि खुब्याचं हाड मोडतं. डॉक्टर येतील तेव्हा मावशींना खोलीबाहेर पाठवू नका. रात्री कितीदा ठसका लागला हे त्यांनाच ठाऊक असतं.

सरकारी मदतीचं म्हणाल तर, सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड हॉस्पिटलात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, घरच्या मावशींचा पगार त्यातून निघत नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना एकदाच 3000 रुपये मिळतात. वॉकर किंवा कमोड खुर्चीला ते उपयोगी पडतात. अडचणीत 14567 ही एल्डरलाइन सकाळी आठ ते रात्री आठ मोफत चालते.

मावशींचं काम संपेल तेव्हा हिशेब त्याच दिवशी पूर्ण करा आणि सहीनिशी अनुभवाचं पत्र द्या: किती महिने, कोणता आजार, नळी किंवा कॅथेटर सांभाळलं का, पाठीला जखम झाली का. पुढच्या घरी दर वाढवून मागताना त्यांना हा कागद दाखवता येतो.