लहान आतड्याच्या कर्करोगात आहाराचा वाटा किती? लातूरच्या एका आहारसल्ला केंद्राचे परीक्षण

लातुरात पोटविकारांच्या एका खासगी रुग्णालयाला जोडून एक आहारसल्ला केंद्र चालते. आतड्याच्या आजारातून उठलेल्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना काय खावे, काय टाळावे याचे मार्गदर्शन तिथे मिळते. औसा तालुक्यात शेती करणाऱ्या माझ्या चुलत्यांच्या लहान आतड्यातील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढल्यानंतर आमचे कुटुंब या केंद्राकडे वळले. चुलत्यांनी आता काय खावे, हा एक प्रश्न होता. आणि ज्यांनी आयुष्यभर त्यांच्याच चुलीवरचे खाल्ले, त्या आम्हा बाकीच्यांना धोका आहे का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर या केंद्राने चांगले दिले आणि दुसऱ्याचे त्याहून चांगले. तरीही काही गोष्टी खटकल्या, त्याही लिहिणे आवश्यक वाटते, कारण इथे येणारी बहुतेक माणसे घाबरलेली असतात आणि घाबरलेल्या माणसाला काहीही विकता येते.

हा आजार मुळात किती विरळ आहे, हे आधी समजून घ्यायला हवे. लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. अन्नमार्गाच्या एकूण लांबीपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लांबी त्याचीच, पण अन्नमार्गातील कर्करोगांपैकी जेमतेम तीन टक्के तिथे होतात. अन्न तिथून पातळ स्वरूपात आणि लवकर पुढे सरकते, जिवाणूंची संख्या मोठ्या आतड्याच्या तुलनेत फार कमी असते, आणि आतल्या अस्तराच्या पेशी काही दिवसांतच झडून नव्या येतात. या कारणांमुळे हा भाग बचावत असावा, असे तज्ज्ञ मानतात. पण विरळपणाचा तोटा असा की निदान उशिरा होते. चुलत्यांना बरेच महिने थकवा होता, रक्त कमी होते, म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. तोंडाकडून आणि गुदमार्गाने अशा दोन्ही दुर्बिणी झाल्या, त्यांत काही सापडले नाही, आणि मधला मोठा पल्ला, जिथे या नेहमीच्या दुर्बिणी पोहोचतच नाहीत, तो तसाच राहिला. शेवटी आतड्याचा विशेष सीटी स्कॅन केल्यावर गाठ दिसली. आपल्या भागात पोटदुखी, वजन घटणे आणि आतडे अडल्याची लक्षणे असली की आतड्याच्या क्षयरोगाची शंका आधी येते आणि ती रास्तही असते. मात्र तुकडा तपासल्याशिवाय केवळ अंदाजावर औषधे सुरू झाली तर मौल्यवान वेळ जातो.

केंद्रातील आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्या भेटीत जवळजवळ तासभर दिला. ताटाविषयी त्या बऱ्याच उशिरा बोलल्या. आधी त्यांनी कागदावर आमच्या घराण्याची वंशावळ काढली आणि प्रत्येक नावापुढे कोणाला कोणता आजार झाला, कोणत्या वयात झाला, हे विचारून लिहिले. चुलत्यांनी आपल्या थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला, पन्नाशीच्या आत गर्भाशयाचा कर्करोग झाला होता असे सांगताच त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “काका, ही गोष्ट तुम्ही ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना सांगितली होती का?” चुलत्यांनी सांगितली नव्हती, कारण बहिणीच्या गर्भाशयाचा आपल्या आतड्याशी संबंध असू शकतो हे त्यांच्या मनातही आले नव्हते.

संबंध असू शकतो. लिंच सिंड्रोम नावाचा एक आनुवंशिक दोष आहे. त्यात पेशींमधील डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा अधू असते, आणि अशा कुटुंबांत मोठे आतडे, गर्भाशय, अंडाशय, जठर आणि लहान आतडे यांचे कर्करोग इतरांपेक्षा जास्त प्रमाणात व कमी वयात आढळतात. आई किंवा वडिलांकडून हा दोष प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून लहान आतड्याचा ॲडेनोकार्सिनोमा, म्हणजे अस्तरातील ग्रंथिपेशींपासून होणारा कर्करोग, सापडला की काढलेल्या गाठीच्या तुकड्यावर एमएमआर, म्हणजे ही दुरुस्तीची यंत्रणा शाबूत आहे का हे पाहणारी तपासणी करून घ्यावी असे सांगितले जाते. बाईंनी तसे पत्र लिहून आम्हाला शल्यचिकित्सकांकडे परत पाठवले. अहवाल सुदैवाने निर्दोष आला. तो वेगळा आला असता तर चुलत्यांच्या मुलांची आणि आमची मोठ्या आतड्याची तपासणी तरुण वयातच सुरू करावी लागली असती, आणि ते कोणत्याही पथ्यापेक्षा महत्त्वाचे ठरले असते. आहाराचा सल्ला देणाऱ्या माणसाने आहार हे पहिले कारण नसू शकते हे ओळखावे, याला मी या केंद्राचा सर्वांत मोठा गुण मानतो.

त्याच ओघात त्यांनी क्रोन्स रोग आणि सीलिअ‍ॅक रोग यांची चौकशी केली. या दोन्ही आजारांत लहान आतड्याला वर्षानुवर्षे सूज राहते आणि कर्करोगाचा धोका वाढतो. सीलिअ‍ॅकमध्ये गहू आणि जव यांतील ग्लुटेन सोसत नाही. त्यात लहान आतड्याचा लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कर्करोग, होण्याची भीती असते, आणि ग्लुटेन काटेकोरपणे वर्ज्य केल्यास ती कमी होते. आहाराने लहान आतड्याच्या कर्करोगाचा धोका खरोखर कमी करता येतो असे ठामपणे म्हणावे, अशी ही जवळजवळ एकमेव जागा आहे. माझ्या चुलतबहिणीला लहानपणापासून पोट फुगण्याचा आणि रक्त कमी असण्याचा त्रास आहे. तिने कुठेतरी वाचून गहू सोडण्याचे ठरवले होते. बाईंनी तिला थांबवले, कारण गहू बंद करून काही काळ गेला की हा आजार ओळखण्यासाठीची टीटीजी ही रक्ताची तपासणी खोटेच निर्दोष उत्तर देऊ शकते. आधी नेहमीसारखे खाऊन तपासणी करायची, मग काय ते ठरवायचे, हा सल्ला त्यांनी दिला. मराठवाड्याला इथे ज्वारीचा मोठा आधार आहे, कारण ज्वारीत ग्लुटेन नसते. परंतु गावच्या गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी दळली तर जात्यात राहिलेले गव्हाचे पीठ त्यात मिसळते आणि खऱ्या सीलिअ‍ॅक रुग्णाला तेवढेही बाधते. त्यामुळे अशा घराने दळण स्वतंत्र ठेवावे, घरघंटी घेता आली तर उत्तम, इतक्या बारकाईने त्यांनी सांगितले. हे सल्ले छापील पुस्तकातून येत नाहीत, या मातीतल्या माणसालाच सुचतात.

आता ज्यांना असा कोणताही आजार नाही, त्यांच्या ताटाविषयी. इथे बाईंनी जेवढे माहीत आहे तेवढेच सांगितले, याचे मला फार समाधान वाटले. अमेरिकेत 1995-96 मध्ये सुरू झालेल्या सुमारे पाच लाख लोकांच्या एका दीर्घ अभ्यासात धान्यातील तंतू (फायबर) आणि अख्खे धान्य जास्त खाणाऱ्यांत लहान आतड्याचा कर्करोग कमी आढळला. त्याच अभ्यासात संपृक्त चरबीचे प्रमाण जास्त असलेल्या आहाराचा संबंध लहान आतड्यातील कार्सिनॉइड गाठींशी, म्हणजे संप्रेरके बनवणाऱ्या पेशींपासून वाढणाऱ्या गाठींशी, दिसला, मात्र लाल मांसाचा ॲडेनोकार्सिनोमाशी स्पष्ट संबंध दिसला नाही. त्याआधीच्या काही लहान अभ्यासांनी लाल मांस आणि खारवलेले वा धुरावलेले पदार्थ यांच्याकडे बोट दाखवले होते. आशियातील पाच लाखांहून अधिक लोकांच्या एकत्रित विश्लेषणात या आजाराचे रुग्ण सापडले ते केवळ 134. त्यांत लठ्ठपणाकडे आणि आठवड्याला 400 ग्रॅमहून जास्त अल्कोहोल घेण्याकडे धोक्याचा कल दिसला, पण तो सांख्यिकीच्या कसोटीवर पक्का ठरला नाही, आणि धूम्रपानाशी संबंध आढळला नाही. पाच लाखांत 134 म्हटल्यावर कोणत्याही एका पदार्थावर शिक्का मारणे कठीण जाते. तंबाखूविषयीचे हे वाक्य कोणी सवलत म्हणून घेऊ नये, हेही सांगायला हवे. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावांची कर्करोग नोंदणी 1987 पासून चालू आहे; आपल्या खेड्यांत तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाचे दुःख किती मोठे आहे, हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही.

या आधारावर आमच्या घरासाठी ठरलेला आहार पाहून आजीला हायसे वाटले असते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडी आणि मेथीची भाजी, ताक, मूठभर शेंगदाणे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम ज्वारीत तंतू सुमारे 10 ग्रॅम असतात, तर मैद्यात आणि पांढऱ्या तांदळात 3 ग्रॅमहून कमी. अलीकडे गावातसुद्धा सकाळच्या चहाबरोबर खारी आणि टोस्ट, दुपारी भात आणि रात्री पोळी असे झाले आहे, आणि भाकरी थापणारे हात कमी होत चालले आहेत. बाईंनी एक वेळ तरी भाकरी पुन्हा सुरू करा असे सांगितले, वनस्पती तूप आणि त्यात तळलेले बेकरीचे पदार्थ कमी करायला लावले, आणि माझ्या भावाला त्याच्या वाढलेल्या पोटाविषयी व शनिवारच्या बैठकीविषयी न रागावता पण स्पष्ट विचारले.

चुलत्यांसाठी मात्र त्यांनी वेगळेच सांगितले. आतड्याचा तुकडा काढून जोड दिलेला असताना सुरुवातीच्या काळात भरमसाट तंतू, कच्च्या कोशिंबिरी किंवा टरफलासह भाज्या खाल्ल्या तर पोट अडण्याचा धोका असतो. म्हणून त्यांना मऊ भात, साल काढून शिजवलेला दुधी, वरणात चुरून भिजवलेली भाकरी, थोडे थोडे करून दिवसातून अनेकदा. एकाच कुटुंबातील रुग्णाला तंतू जपून आणि निरोग्याला भरपूर, हा भेद समजावून सांगण्यात त्यांनी घाई केली नाही.

आता उणिवा. शेवटी हातात दिलेली छापील पत्रिका या चर्चेच्या पासंगालाही पुरत नाही. तिच्यात बेकन, सॉसेज आणि सलामी टाळा असे ठळक अक्षरांत आहे. प्रक्रिया केलेले मांस मोठ्या आतड्याच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये जाहीर केले आहे, त्यामुळे वाक्य चुकीचे नाही. पण औशाच्या शेतकऱ्याच्या घरात हे पदार्थ येतात कधी? गुटखा, देशी दारू आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तळणाचे तेल यांबद्दल त्या पत्रिकेत एक ओळही नाही. पत्रिका घरी नेली जाते, भिंतीला लावली जाते, आणि बाईंचे बोलणे विसरल्यावर तीच उरते. ती मराठवाड्याच्या ताटाला धरून नव्याने लिहायला हवी.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. बाहेरच्या काउंटरवर तंतूंची भुकटी आणि “कर्करोगापासून संरक्षण” असा मजकूर असलेल्या कॅप्सूल विकायला ठेवल्या आहेत. बाईंनी त्या सुचवल्या नाहीत, मात्र पैसे भरताना तिथल्या मुलाने त्या पुढे केल्या. वर सांगितलेला अभ्यास धान्यातून मिळणाऱ्या तंतूंविषयी आहे, डब्यातील भुकटीविषयी नाही, आणि नुकतीच आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला अशी भुकटी न विचारता देणे धोक्याचे ठरू शकते. आतल्या खोलीत इतका प्रामाणिक सल्ला मिळत असताना दारात हा व्यवहार चालावा, याचा मला राग आला आणि मी तो व्यवस्थापकांना बोलूनही दाखवला.

पहिल्या भेटीचे शुल्क 600 रुपये आहे आणि कुटुंबातील इतर सोबत आले तरी वेगळे घेत नाहीत. वेळ सकाळी दहा ते दुपारी दोनचीच असल्याने निलंगा किंवा उदगीरकडून येणाऱ्यांनी आधी फोन करून नाव लावावे. जाताना शस्त्रक्रियेचा कागद, गाठीचा तपासणी अहवाल आणि रक्ताचे जुने रिपोर्ट बरोबर न्यावेत. आणि घरातील एखाद्या वयस्कर बाईला अवश्य सोबत न्यावे, कारण कोणत्या आत्याला, कोणत्या मावशीला काय झाले होते, हे तिलाच ठाऊक असते.