चार मिलिमीटरची अट

‘घरबसल्या हस्तनिर्मित शुभेच्छापत्रे तयार करा, साहित्य आमचे, माल आम्हीच विकत घेऊ’ अशा जाहिराती ठाणे, कळवा, ऐरोली, घणसोली या भागांत महिलांच्या मोबाइलवर पुन्हा फिरू लागल्या आहेत. यापूर्वी अशाच जाहिरातीतून माझी, माझ्या जावेची आणि आमच्या इमारतीतील एका काकूंची फसवणूक झाली आहे. ती नेमकी कशी झाली हे लिहून ठेवण्याचे कारण एवढेच, की या व्यवहारात खोटे कुठे होते ते पैसे भरताना दिसत नाही. ते करारपत्राच्या मागे जोडलेल्या मोजमापांच्या तक्त्यात होते, आणि तो तक्ता कोणी वाचत नाही.

मी बरीच वर्षे कार्डे बनवते. साधी घडीची नव्हे, तर ज्यांत काहीतरी हलते, उघडते, फिरते किंवा उजळते अशी. पट्टी ओढली की चित्र बदलणारे, फिरत्या चकतीचे, उघडताच कागदी देऊळ उभे राहणारे, पारदर्शक खिडकीत टिकल्या खुळखुळणारे असे प्रकार मी नौपाड्यातील प्रदर्शनांतून विकले आहेत. जेसोचा, म्हणजे रंगाआधी देतात त्या पांढऱ्या अस्तराचा हात, त्यावर अ‍ॅक्रिलिक रंग, टेक्स्चर पेस्ट, जुन्या साडीच्या काठाचा तुकडा, वर्तमानपत्राची कात्रणे असे मिश्र साहित्य वापरण्याची मला आवड आहे. त्यामुळे हे काम मला नवे नव्हते, आणि माझ्या मते त्या लोकांना माझ्यासारख्याच बायका हव्या होत्या. ज्या बाईला काम येते, तिला ‘तुमचे काम निकृष्ट आहे’ असे सांगितले की ती भांडण्याऐवजी आधी स्वतःचे हात तपासते.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका व्यापारी संकुलात त्यांचा गाळा होता. काचेच्या कपाटात दिवाळीचे नमुना कार्ड ठेवलेले होते. पैठणीच्या काठाची चौकट, पेस्टने उठावदार केलेली रांगोळी, मध्ये पणती, आणि उजवीकडची पट्टी ओढली की पणतीच्या ज्योतीत बसवलेला छोटा एलईडी लागत असे. काम सुंदर होते. मात्र ते कार्ड कोणाच्या हातात दिले जात नव्हते. पट्टी ओढून दाखवायची ती तिथल्या कर्मचाऱ्यानेच, आणि लगेच कपाट बंद. जावेने भाच्याचा व्हर्निअर कॅलिपर पर्समध्ये नेला होता आणि जाडी मोजू का, असे सरळ विचारले, तेव्हा ‘मॅडम, डिझाइन गोपनीय आहे’ असे उत्तर मिळाले. जे कार्ड हजारोंच्या संख्येने बाजारात जाणार असल्याचे सांगितले जात होते, ते गोपनीय कसे, याचा खुलासा झाला नाही.

व्यवहार असा होता. नोंदणीचे 500 रुपये आणि साहित्याच्या किटसाठी 7,000 रुपये अनामत. एका खेपेत 50 कार्डे, प्रत्येक कार्डाचे 110 रुपये, म्हणजे खेपेचे 5,500. सलग तीन खेपा मंजूर झाल्या की अनामत परत. करार मुद्रांक कागदावर, नोटरीच्या शिक्क्यासह होता, आणि त्या शिक्क्याचा आमच्या घरच्यांवर बराच परिणाम झाला. नोटरी सही करणारी व्यक्ती कोण आहे याची खातरजमा करून ती सही साक्षांकित करतो. करारातील अटी न्याय्य आहेत की नाहीत, किंवा समोरची संस्था खरी आहे की नाही, याची हमी तो देत नाही, हे इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. पैसे यूपीआयने द्यायचे होते आणि पडद्यावर नाव आले ते संस्थेचे नव्हे, एका व्यक्तीचे. विचारल्यावर ‘चालू खात्याचे काम सुरू आहे’ असे सांगण्यात आले. पावतीवर जीएसटी क्रमांक छापलेला होता. हा क्रमांक 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातील नोंदणीसाठी त्याची सुरुवात 27 ने होते. आमच्या पावतीवरच्या क्रमांकात 14 च अक्षरे होती. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणताही क्रमांक विनामूल्य तपासता येतो आणि त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

आता किटविषयी. त्यात पांढरा जाड कागद, तांब्याची चिकट पट्टी, एलईडी, सीआर2032 प्रकारचे नाण्यासारखे सेल, फोम टेप, लेस आणि टिकल्या होत्या. तक्त्यात कागद 300 जीएसएमचा असावा अशी अट होती आणि पाकिटावरही तसेच छापले होते, पण घडी घालताच तो हलका वाटला. कागदाचा जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन, आणि ए-4 आकाराचे 16 ताव मिळून जवळजवळ एक चौरस मीटर भरतात. म्हणजे स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर 16 ताव ठेवले की जो आकडा येतो तोच त्या कागदाचा जीएसएम. आमचा काटा 215 च्या आसपास थांबला. पावसाळ्यात कागद हवेतील ओलावा शोषून किंचित जडच होतो, त्यामुळे खरा आकडा त्याहूनही कमी असणार. तुम्ही कोणाकडूनही कार्डाचा कागद घेत असाल, तर ही तपासणी दुकानातून घरी आल्याबरोबर करावी. मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणलेल्या कागदाचीही मी आता करते. फोनवर ही तफावत कळवली तेव्हा ‘तुम्ही काम सुरू करा, कागदावरून अडवणार नाही’ असे सांगण्यात आले. लेखी काहीच आले नाही.

तक्त्यातील दोन अटी मात्र सविस्तर सांगण्यासारख्या आहेत, कारण सगळी फसवणूक त्यांच्यातच आहे.

पहिली अट अशी, की बंद कार्डाची जाडी कोणत्याही ठिकाणी 4 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि सेल दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकलेला असावा. सीआर2032 या नावातच त्या सेलचे माप असते: व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2 मिलिमीटर. 300 जीएसएमचा कागद साधारण 0.4 मिलिमीटर जाड असतो. घडीच्या कार्डात पुढचा थर, मागचा थर आणि सेल झाकणारा आतला थर असे किमान तीन थर येतात, म्हणजे 1.2 मिलिमीटर. सेलसह ही बेरीज 4.4 होते, आणि यात अजून तांब्याची पट्टी, फोम टेप, साडीचा काठ किंवा रांगोळीची पेस्ट धरलेलीच नाही. किटमधला पातळ कागद वापरला तरी ती चारच्या किंचित वर जाते, शिवाय मग कागदाच्या अटीवर कार्ड नापास होतेच. थोडक्यात, त्यांनीच दिलेल्या साहित्यातून त्यांच्याच मापाचे कार्ड जगातील कोणत्याही कारागिराला करता आले नसते. कपाटातले नमुना कार्डही त्या मापात बसत नसणार, आणि ते हातात न देण्याचे कारण मला तरी दुसरे दिसत नाही.

दुसरी अट ओढपट्टीची. पट्टी आणि तिची खाच यांतील मोकळी जागा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि पट्टी ‘न अडकता’ सरकावी. करार जुलैमधला. त्या दिवसांत आपल्याकडे हवेतील आर्द्रता कित्येकदा 80 टक्क्यांच्या वर असते, कागदाचे तंतू ओलाव्याने फुगतात, आणि ते लांबीपेक्षा जाडीच्या अंगाने अधिक फुगत असल्याने कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो. म्हणून ही कार्डे करणारे लोक खाचेत दीड ते दोन मिलिमीटर मोकळीक ठेवतात. एवढी मोकळीक ठेवली की मापात नापास, न ठेवली की अडकते म्हणून नापास. टेक्स्चर पेस्ट पावसाळ्यात लवकर वाळत नाही, आणि अर्धवट वाळलेल्या पेस्टवर दुसरे कार्ड ठेवले की ती चिकटते. त्यामुळे खेप वेळेत देण्यासाठी घरात पंख्याखाली सतरंज्यांवर कार्डे पसरून आम्ही तिघींनी रात्री काम केले. उशीर झाल्यास दंड होता, हे सांगायचे राहिले.

साध्या घडीच्या, वर चित्र चिकटवलेल्या कार्डांऐवजी हा एवढा अवघड प्रकार त्यांनी का निवडला असावा, याचा मी पुष्कळ विचार केला. साध्या कार्डात नापास करायला जागा कमी असते. ज्यात पट्टी सरकते, दिवा लागतो, रंग आणि कापड एकावर एक येतात, त्यात दोष काढायला प्रत्येक सांधा उपलब्ध असतो, आणि हाताने केलेली दोन कार्डे तंतोतंत सारखी कधीच नसतात. हस्तनिर्मित माल मागवायचा आणि यंत्रासारख्या एकसारखेपणाची अट घालायची, एवढ्यावरच हा धंदा उभा आहे. त्यांचे उत्पन्न कार्डांतून येत नव्हते, किटच्या अनामतीतून येत होते.

माझी खेप नापास झाल्याचे छापील पत्र आले आणि पाठोपाठ गठ्ठाही परत आला. गठ्ठा बांधताना त्याच्या तोंडावर चिकटपट्टीखाली मी सही केलेली कागदी पट्टी आडवी लावली होती. ती तशीच होती. पट्टी फाटलेली नव्हती, टेप उचललेली नव्हती. गठ्ठा कोणी उघडलाच नव्हता. पत्रात मात्र ‘कार्ड क्रमांक 7, 19 आणि 34 जाडीत सदोष, 12 आणि 41 ची पट्टी अडकते’ असा तपशील होता. जावेचे पत्र शेजारी ठेवून पाहिले, तर तिचीही 7, 19, 34, 12 आणि 41 हीच कार्डे सदोष होती. काकूंचीही तीच. फक्त नाव पेनाने लिहिलेले.

यानंतर दुसरा टप्पा सुरू होतो, आणि अनेक जणी त्यात अधिक पैसे घालवतात. 1,500 रुपयांत ‘गुणवत्ता प्रशिक्षण’ घेतल्यास खेप पुन्हा तपासू, असे सांगण्यात आले. ते नको असेल तर दोन नव्या महिलांची नोंदणी करून द्या, अनामत लगेच परत मिळेल. काकूंच्या भाचीला या मार्गाने ओढण्याचा प्रयत्न झाला. काकूंनी फोनवरच ‘माझ्या घरात दुसरी बळी मिळणार नाही’ असे सुनावले. त्या महिन्याअखेरीस फोन लागेनासे झाले. आज त्या गाळ्यावर वेगळ्याच व्यवसायाची पाटी आहे.

तक्रारीबाबत काही उपयुक्त गोष्टी. पोलिसांकडे गेल्यावर पहिले उत्तर बहुधा असे मिळते की ही कराराची, म्हणजे दिवाणी बाब आहे. हे उत्तर निराधार नाही; केवळ करार मोडला म्हणून फसवणुकीचा गुन्हा होत नाही, सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दिसावे लागते. इथेच ती चार मिलिमीटरची बेरीज उपयोगी पडते. पूर्ण होऊच न शकणारी अट करारावर सही घेतानाच घातलेली होती, न उघडलेल्या गठ्ठ्याचा तपासणी अहवाल दिला गेला, आणि तिघींना एकच दोषयादी मिळाली, हे तीन मुद्दे आम्ही अर्जात सर्वांत वर लिहिले, रडकथा खाली. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणूक करून मालमत्ता द्यायला लावण्याचा गुन्हा कलम 318 च्या पोटकलम 4 मध्ये येतो आणि त्याला सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि फसवणूक ताजी असेल, तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे, कारण रक्कम पुढे वळवली जाण्यापूर्वी ती खात्यात रोखता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. ‘तुम्ही व्यवसायासाठी किट घेतले, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असे आम्हाला कोणीतरी सांगितले होते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळलेली आहे हे खरे, पण स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू त्या वगळणुकीत येत नाही, असे कायद्यातच स्पष्ट केले आहे. तक्रारदार जिथे राहते त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे करारात दुसऱ्याच शहराचे नाव टाकलेले असले तरी ठाण्यातील महिलेने घाबरू नये. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. आमची तक्रार दाखल झाली आहे, निकाल लागायचा आहे.

ज्यांना असेच नापासाचे पत्र आले असेल त्यांनी त्यातील कार्डांचे क्रमांक आधी पाहावेत. परत आलेला गठ्ठा उघडण्यापूर्वी सर्व बाजूंनी त्याची छायाचित्रे घ्यावीत, शक्य असल्यास दोन साक्षीदारांसमोर तो उघडावा, आणि प्रत्येक कार्ड मोजपट्टी किंवा कॅलिपरसह टिपून ठेवावे. रागाच्या भरात ती कार्डे फेकू नयेत किंवा दिवाळीत शेजारीपाजारी वाटून टाकू नयेत. सेल काढून वेगळे ठेवावेत, कारण लहान मुलाने गिळल्यास ते जिवावर बेततात. कार्डे मात्र सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत ठेवावीत, म्हणजे सुनावणीच्या दिवशीही त्यांची जाडी तीच भरेल.