क्री शिबिरातले चार दिवस

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातील सस्काटूनमध्ये राहून आम्हाला सात वर्षे झाली, तरी ज्या लोकांच्या भूमीवर आपण घर घेतले आहे त्यांच्याकडे एक दिवसही पाहुणे म्हणून जाणे झाले नव्हते. ही टोचणी मनात होती, म्हणून यंदाच्या ऑगस्टमध्ये प्रिन्स अल्बर्टच्या पलीकडे क्री या तेथील मूळनिवासी लोकांच्या एका समाजाने भरवलेल्या चार दिवसांच्या सांस्कृतिक शिबिराला पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि मी असे तिघे जाऊन आलो. शिबिराची जागा हीच तेथील विधींचीही जागा असल्यामुळे तिचे नाव आणि ठिकाण जाहीर करू नये, अशी विनंती यजमानांनी पहिल्याच संध्याकाळी केली होती. ती मी येथे पाळतो आहे.

क्री भाषेतील एक गोष्ट मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. इंग्रजीत एकाच शब्दावर भागवावे लागणारे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ क्रीमध्ये मराठीसारखेच वेगळे आहेत. ऐकणाऱ्यालाही धरून बोलायचे असेल तर ‘कियानाव’ आणि त्याला वगळून बोलायचे असेल तर ‘नियनान’. या शिबिराचे मोल मी याच दोन शब्दांनी ठरवीन, कारण कोणत्या गोष्टी ‘आपल्या’ आहेत आणि कोणत्या ‘आमच्या’, हे यजमानांनी चारही दिवस स्पष्ट ठेवले. तंबू उभारणे, कातडे खरवडणे, मासे धुरावणे यांत पाहुण्याला हात काळे करायला लावतात. विधींतील गाण्यांचा अर्थ विचारला, तर हसून चहा पुढे करतात. पाहुण्याला सर्व काही दाखवण्याच्या भरात स्वतःचे घर उघडे टाकणाऱ्या पर्यटनाची सवय झालेल्यांना हे खटकेल. मला मात्र तेच आवडले.

नातेवाचक शब्दांबाबत तर आमच्या मुलीचा सुरुवातीलाच गोंधळ उडाला. शिबिरातील ज्येष्ठ स्त्रीला सगळे ‘कोकम’ म्हणत होते आणि आमच्या घरात कोकम म्हणजे सोलकढी. नंतर त्या आजींनीच सांगितले की मूळ उच्चार ‘कोहकोम’ असा आहे आणि त्याचा अर्थ ‘तुझी आजी’. स्वतःच्या आजीला हाक मारायची तर ‘नोहकोम’ म्हणावे. नुसती आजी, कोणाचीच नसलेली, असे या भाषेत म्हणता येत नाही.

शिबिराला जाताना तंबाखू न्यावी लागते. एरवी तंबाखूला उंबरठ्याच्या आत न येऊ देणाऱ्या माझ्या पत्नीने तिची पुडी स्वतः कापडात बांधली, हे येथे नोंदवले पाहिजे. ज्येष्ठांकडे काही शिकायचे असेल, काही विचारायचे असेल, तर आधी ही पुडी पुढे करायची. त्यांनी ती घेतली म्हणजे काम अंगावर घेतले. आपल्याकडचा विडा उचलणे हा वाक्प्रचार एवढ्या शब्दशः मी प्रथमच पाहिला.

दिवसाची सुरुवात धूप घेण्याने होते. वाळवलेले सुगंधी गवत किंवा सेज ही सुगंधी वनस्पती पेटवून त्याचा धूर हातांनी डोक्यावरून, छातीवरून घ्यायचा. छायाचित्रे काढण्यास तेव्हा सक्त मनाई असते. ज्यांची इच्छा असेल त्यांना तिसऱ्या दिवशी ‘मातोतिसान’मध्ये, म्हणजे वाळुंजाच्या फांद्यांच्या सांगाड्यावर आच्छादने घालून केलेल्या ठेंगण्या घुमटात, घाम घेण्याच्या विधीला बसता येते. तापवून आत आणलेल्या दगडांना तेथे आजोबा म्हणतात, आणि हे केवळ श्रद्धेपोटी नव्हे: क्री व्याकरणात नामांचे सजीव आणि निर्जीव असे दोन वर्ग आहेत आणि दगड हा सजीवांत मोडतो. रासबेरी सजीव आणि स्ट्रॉबेरी निर्जीव, हे ऐकल्यावर मात्र ‘तो चाकू, ती सुरी’ अशा भाषेत वाढलेल्या आम्हीही हात टेकले. विधीच्या आत काय घडले ते मी लिहीत नाही. उष्णता कडक असते, रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी आधी सांगावे, एवढे पुरे.

मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांना या विधीत बसता येत नाही. त्या काळात स्त्रीची शक्तीच एवढी प्रबळ असते की तिला वेगळ्या शुद्धीची गरज नसते, असे कारण आजींनी अतिशय आदराने सांगितले. पत्नीने ते तितक्याच आदराने ऐकून घेतले आणि रात्री तंबूत मला म्हणाली, ‘आमच्या आजीकडेही कारण असेच गोड होते, अहो.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. लांब झग्याची अटही स्त्रियांनाच आहे, तेव्हा जाणाऱ्यांनी तो बरोबर ठेवावा.

हे विधी आज पाहुण्यांसमोर उघडपणे होतात, याला मोठी पार्श्वभूमी आहे. १८९५ मध्ये इंडियन ॲक्टमध्ये, म्हणजे मूळनिवासींसाठीच्या कॅनडाच्या कायद्यात, दुरुस्ती करून वस्तूंचे दान किंवा शरीराला छेद असलेले विधी गुन्हा ठरवण्यात आले, आणि ही बंदी कायद्यातून गेली ती १९५१ मध्ये. मूळनिवासी मुलांना घरापासून आणि भाषेपासून तोडणाऱ्या निवासी शाळांचा काळ त्याहून लांबला. याच प्रांतातील गॉर्डन निवासी शाळा १९९६ पर्यंत चालू होती. शेकोटीभोवती एका आजोबांनी त्या शाळांतील आपले दिवस सांगितले. त्यांनी आवाज चढवला नाही आणि कोणी प्रश्न विचारला नाही.

हस्तकलांचा भाग सर्वांत समृद्ध आहे आणि माझी सर्वांत मोठी तक्रारही त्याच भागाबद्दल आहे. मूस या मोठ्या हरणाचे कातडे चौकटीवर ताणून बांधलेले असते; आतील बाजूचे मांस मूसच्याच पायाच्या हाडापासून केलेल्या दातेरी हत्याराने काढायचे, मग उलट बाजूचे केस खरवडायचे, मग प्राण्याचा मेंदू चोळून कातडे मऊ करायचे आणि शेवटी कुजक्या लाकडाच्या मंद धुरावर ते धरायचे, म्हणजे भिजले तरी पुन्हा कडक होत नाही. चार दिवसांत एक कातडे पुरे होत नाही, म्हणून निरनिराळ्या टप्प्यांवरची कातडी आधीच तयार ठेवलेली होती. ही योजना उत्तम. मण्यांच्या कामात दोन सुया वापरतात: एका सुईत मणी ओवायचे आणि दुसरीने ती ओळ कातड्यावर टाचत जायचे. भूर्जाच्या सालीचा पातळ पापुद्रा घडी घालून दातांनी चावत नक्षी उमटवण्याची कला मी तेथे प्रथमच पाहिली. अँजेलिक मेरास्टी या क्री कलावंत स्त्रीने ती नावारूपाला आणली होती. मुलीने चावून केलेले फूल बरेचसे फुलासारखे दिसले, माझे कशासारखेच दिसले नाही.

तक्रार अशी की मोकॅसिन, म्हणजे मऊ कातड्याचे जोडे, शिवण्यासाठी केवळ एक दुपार ठेवली होती, बावीस जणांना शिकवायला एकच बाई होत्या, आणि त्यांनी कितीही धावपळ केली तरी बहुतेकांचा एकाच पायाचा जोडा तयार झाला. आयोजकांनी यासाठी पूर्ण दिवस द्यावा किंवा संख्या निम्मी करावी.

लिपीच्या वर्गाला मराठी वाचकाने अजिबात चुकवू नये. क्री अक्षरलिपीत खुणेचा आकार व्यंजन सांगतो आणि तिची दिशा स्वर सांगते. दोन रेषांचा एक कोन घ्यावा. टोक वर असेल तर ‘पि’, खाली असेल तर ‘पे’, उजवीकडे ‘पो’ आणि डावीकडे ‘प’. जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने १८४० मध्ये नॉर्वे हाउस येथे ही लिपी छपाईत आणली आणि तिच्या रचनेत लघुलिपीबरोबर देवनागरीचाही प्रभाव असावा, असे काही अभ्यासक मानतात. क्री परंपरा मात्र सांगते की ही लिपी मिस्तनास्कोवेव या क्री पुरुषाला आत्मलोकातून मिळाली, आणि वर्गात आम्हाला शिकवली गेली ती हीच कथा. आमच्या मुलीने बाराखडी लिहून दाखवली तेव्हा शिकवणाऱ्या तरुणाने कागद उलटसुलट फिरवून पाहिला आणि मात्रा का फिरत नाहीत, असे विचारले.

जेवणात धुरावलेला व्हाइटफिश, मूसचा रस्सा, उत्तर सस्कॅचवानचा जंगली तांदूळ आणि बॅनक ही जाड रोटी असे. ज्या फळावरून सस्काटूनला नाव मिळाले त्याचा मुरंबा बॅनकबरोबर इतका छान लागतो की मुलीने बाकी काही खाल्ले नाही. बॅनकमध्ये अनेकदा डुकराची चरबी घालतात, म्हणून शाकाहारी मंडळींनी आधी विचारावे. आम्ही कळवले होते, तरी दोन वेळा पत्नीच्या ताटात केवळ भात आणि बटाटे आले. डास असह्य आहेत. वेळापत्रक कागदावरच राहते, पण त्याला मी दोष देणार नाही, कारण ज्येष्ठांचे बोलणे घड्याळ पाहून थांबवणे तेथे अशोभनीय समजतात.

ज्यांना चार दिवस काढणे शक्य नाही त्यांनी सस्काटूनलगतचे, १९९२ मध्ये खुले झालेले वानुस्केविन हे मूळनिवासी वारशाचे उद्यान पाहावे. २०१९ मध्ये तेथे बायसनांचा कळप परत आणला गेला. ते सोयीचे आहे, नीटनेटके आहे, लहान मुलांसह एका दिवसात होते. मात्र तेथे कातड्याचा वास हाताला आठवडाभर राहत नाही. शिबिराची नोंदणी वसंतातच करावी, आणि मण्यांचे पैसे वेगळे पडतात हे पत्रात लिहिलेले नसल्यामुळे थोडी रोख रक्कम जवळ ठेवावी.