कार्यालयातल्या झेरॉक्स कागदासाठी कोणती शाई घ्यावी?

शाईच्या पेनाने लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याला पेन निवडता येते, शाई निवडता येते. कागद मात्र भांडारातून येईल तोच वापरावा लागतो. परभणी असो वा लातूर, कचेरीत आणि शाळेत हा कागद बहुधा ७० किंवा ७५ जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) झेरॉक्सचा असतो. तो मुख्यतः टोनरसाठी, म्हणजे झेरॉक्स यंत्रातल्या कोरड्या शाईसाठी, बनवलेला असतो आणि टोनरची भुकटी उष्णतेने वरच्यावर चिकटते. त्यामुळे पातळ शाई थोपवून धरण्याचा गुण त्यात पुरेसा असेलच असे नाही. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची ओळख हातकागदाची. जुन्या काळी असा कागद खळ देऊन घोटत, तो शाई फुटू नये, म्हणजे तंतूंतून पसरू नये, म्हणूनच.

साधी रॉयल ब्ल्यू शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. कॅम्लिनसारखी दौत तालुक्याच्या गावीही मिळते, किंमत कमी असते आणि पेन साध्या पाण्याने स्वच्छ होते. परंतु झेरॉक्स कागदावर जाड निबने लिहिल्यास ‘ध’ आणि ‘ळ’ यांच्या गाठी भरून जातात, शिरोरेषेला बारीक केस फुटतात आणि सहीखालचा ठिपका पाठीमागे उमटतो. पाण्याचा थेंब पडला की अक्षर विरते. कच्चा मसुदा आणि रोजची टाचणे यांसाठी मी हीच शाई वापरावी असे म्हणेन. नस्तीतल्या टिपणीसाठी नाही.

लोहयुक्त निळी-काळी शाई याच कागदावर पुष्कळ वेगळी वागते. पेलिकन ४००१ ची निळी-काळी शाई या जातीची आहे. तिच्यातले लोह आणि टॅनिन यांचे संयुग हवेशी संयोग झाल्यावर गडद होऊन तंतूंत पक्के बसते, म्हणून लिहिताना निळसर दिसणारी ओळ पुढे काळपट होत जाते. नंतर पाणी सांडले तर निळा रंग वाहून जातो, पण राखाडी-काळी अक्षरे वाचता येतात. तिचा प्रवाह आवरता असल्याने अक्षराची कड बहुधा स्वच्छ राहते. ती आम्लधर्मी असल्यामुळे पेन नियमित धुवावे लागते, एवढी मेहनत मात्र पत्करावी.

प्लॅटिनम कार्बन ब्लॅकसारख्या शाईत रंगाचे सूक्ष्म कण तरंगत असतात. पाणी आणि ऊन या दोन्हींपुढे ती सर्वांत टिकाऊ ठरते. अडचण पेनाची आहे: आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपलीकडे जातो, तेव्हा टोपण उघडे राहिलेल्या निबवर शाई लवकर वाळते, आणि कण एकदा आत घट्ट बसले की काढणे कठीण जाते. रोज लिहिणाऱ्यानेच ती घ्यावी.

निर्णयापूर्वी आपल्याच कार्यालयातला कागद घ्यावा, त्याच्या दोन्ही बाजूंवर नेहमीच्या वेगाने तीच ओळ आणि आपली सही करावी, दुसऱ्या दिवशी अर्ध्या ओळीवर पाणी टाकून टिपकागदाने टिपावे. शक्य असल्यास हीच चाचणी पावसाळ्यात पुन्हा घ्यावी, कारण दमट कागदावर शाई अधिक फुटते. मध्यम किंवा जाड निब असेल तर शाई बदलण्याआधी बारीक निब लावून पाहावी. कागदावर कमी शाई उतरली की निम्मी तक्रार मिटते. टिपणी, हजेरीपट आणि सही या तिन्हींसाठी एकच दौत घ्यायची असेल, तर माझी पसंती बारीक निबसह लोहयुक्त निळ्या-काळ्या शाईला आहे.